ओसान्यिनचा तुंबा: योरुबा झाडपाल्याचं ज्ञान टिकवायचं म्हणजे नक्की काय टिकवायचं?

लागोसवासी (धागाकर्ता)

खाद्ययात्रेच्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं, "तिकडच्या झाडपाल्याच्या औषधांवर लिहा की." आज सवड मिळाली, लिहून टाकतो. लांबण लागेल, आधीच सांगतो.

नैर्ऋत्य नायजेरिया आणि शेजारच्या बेनिनचा काही भाग हा योरुबा लोकांचा मुलूख. लागोस, इबादान, अबेओकुटा, इले-इफे, ओशोग्बो ही सगळी त्यांचीच गावं. आज इथले बहुतेक लोक ख्रिस्ती नाहीतर मुसलमान. तरी ओरिशांचा, म्हणजे जुन्या देवदेवतांचा धर्म गेलेला नाही. तिथे प्रत्येक देवाची पानं ठरलेली. 'कोसी एवे, कोसी ओरिशा' अशी म्हणच आहे. पान नाही तर देव नाही.

पानांचा धनी ओसान्यिन. एक डोळा, एक हात, एक पाय आणि चिरका बारीक आवाज. सगळी पानं त्याने एका तुंब्यात भरून झाडाला टांगून ठेवली होती. कुणाला काय हवं ते त्याच्याकडे मागायचं. बाकीच्या देवांना हे खुपायला लागलं. मग वादळवाऱ्याची देवी ओया हिने असा काही वारा सोडला की तुंबा फांदीवरून निसटला आणि पानं रानभर झाली. ज्याच्या हाती जे लागलं ते त्याचं. पण कुठल्या पानाला काय म्हटलं की ते जागं होतं, हे ओसान्यिनने कुणालाच सांगितलं नाही. पानं वाटली गेली, तरी देवांची त्याच्या दारची फेरी काही चुकली नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. इफा म्हणजे इथलं कौल लावण्याचं शास्त्र. त्याचा देव ओरुन्मिला. त्याने ओसान्यिनला चाकरीला ठेवला आणि रान साफ करायला पाठवला. संध्याकाळी बघतो तर एक काडी तोडलेली नाही. "हे कसं कापू, याने ताप उतरतो. आणि हे? याने पोटातली कळ थांबते." ओरुन्मिलाने त्याला शेतावरून काढलं आणि आपल्या शेजारी बसवलं.

आता बाजारात या. इबादानला बोडे नावाचा बाजार आहे, झाडपाल्यासाठी प्रसिद्ध. पाला विकणाऱ्या बायकांना 'एलेवे ओमो' म्हणतात. सालींच्या चळती, मुळांच्या मोळ्या, ओल्या पानांच्या जुड्या, काळ्या साबणाचे गोळे. पलीकडच्या ओळीत 'लेकुलेजा', त्यांच्याकडे वाळलेले सरडे, कवट्या, शिंपले असलं सगळं. तिथे मी फार रेंगाळलो नाही.

एका बाईच्या पाटापाशी उभा होतो. एक तरुण वहीचा फाडलेला कागद घेऊन आला. बाबालावोने, म्हणजे इफाच्या पुजाऱ्याने, लिहून दिलेली यादी. बाईने कागद हातात घेतलाच नाही. "वाच," म्हणाली. तो एकेक नाव वाचत गेला, ती न बघता मागे हात घालून एकेक जिन्नस पुढे टाकत गेली. मध्येच थांबून विचारलं, "कुणासाठी?" बायकोसाठी. "दिवस गेलेत का तिला?" पोरगा गप्प. बाईने ढिगातून एक साल उचलून परत मागे टाकली आणि सांगितलं, "त्याला जाऊन सांग, हे मी दिलं नाही. का ते त्याला कळेल."

माझ्यासोबत ऑफिसातला एक सहकारी होता, कडवा पेंटेकोस्टल ख्रिस्ती. दर रविवारी या सगळ्याला सैतानी म्हणून येतो. निघताना त्याने वडिलांसाठी जेदीच्या अग्बोची बाटली घेतली. अग्बो म्हणजे काढा, जेदी म्हणजे मूळव्याध आणि तिचे सगळे भाऊबंद.

इफे आणि इबादानच्या विद्यापीठांत या वनस्पतींवर काम चालतं. याद्या होतात, नमुने वाळवून चिकटवले जातात, अर्क काढले जातात. पण त्या बाईने जी साल परत टाकली, ते 'परत टाकणं' कुठल्या यादीत जातं? हा माझा प्रश्न. मतं येऊ द्या.

चिंचपोकळीकर

जबरदस्त. वाचनखूण साठवली. बाईंना आमचा दंडवत सांगा.

रानवाटा

छान लेख. मी वनस्पतीशास्त्रवाला, म्हणून आधी झाडांबद्दल. योरुबा वनस्पतींची नावं चाळली तर निम्मी मंडळी ओळखीची निघतात. त्यांचं 'अबामोदा' म्हणजे आपली पानफुटी. 'एफिनरिन' म्हणजे रामतुळस, तिकडेही पोटाच्या तक्रारींवर. 'एजिनरिन' म्हणजे कारलं, फक्त ते पाला आणि वेल जास्त वापरतात. 'बोमुबोमु' म्हणजे रुईची जातभाई. गुंज तिकडे आहे. माठाच्या कुळातलं 'तेते' आहे. कडू पाल्याची 'एवुरो' भाजीतही जाते आणि औषधातही.

यात एक गंमत आहे. पानफुटी मूळची मादागास्करची. म्हणजे योरुबा मुलखात ती पाहुणी म्हणून आली आणि आज तिच्याशिवाय कित्येक विधी अडतात. पपई अमेरिकेची, तिचं पान तापाच्या अग्बोत. आणि तापाच्याच अग्बोत पडणारा 'दोंगोयारो' म्हणजे साक्षात आपला कडुनिंब, जो तिकडे विसाव्या शतकात लावला गेला. नाव हौसा भाषेतलं, झाड भारतातलं, काढा योरुबांचा. तेव्हा 'प्राचीन अस्पर्शित परंपरा' वगैरे म्हणायच्या आधी हे लक्षात असू द्या. ही मंडळी नवीन झाड दिसलं की चाखून, हुंगून, नाव देऊन आपल्यात घेत आलीत. तेव्हा टिकवायची असेल तर झाडांच्या यादीआधी ही आत घेण्याची रीत टिकवायला हवी.

काडेकिराईत

डॉक्टर आहे, त्यामुळे वाईटपणा माझ्याकडे.

त्या बाईने साल परत टाकली हे उत्तमच. पण तशा दहा बायांतल्या किती जणी टाकतील? अग्बो बाटलीतून, बसस्टँडवर, मापाशिवाय विकला जातो. पुष्कळदा दारूत मुरवलेला असतो. नायजेरियाची औषध नियामक संस्था नाफडॅक अशा बाटलीबंद वनौषधींची नुसती नोंद करते आणि 'या दाव्यांची तपासणी झालेली नाही' असं लेबलावर छापायला लावते. गुंज पवित्र असेल, पण बी फोडून पोटात गेलं तर त्यातल्या अॅब्रिन या विषाने माणूस दगावतो.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याचा गुण प्रयोगशाळेत दिसतो ते ठेवा, त्याचं प्रमाण ठरवा. मंत्रबिंत्र, पैसा येण्याचे तोडगे, शत्रूचा नाश, हे गेलं तर कुणाचंही काही बिघडत नाही.

शंकासुर

+१ डॉक्टर. शिवाय एक विसंगती: सगळं गुपित ठेवायचं, दीक्षा घेतल्याशिवाय सांगायचं नाही आणि वर लुप्त होतंय म्हणून गळे काढायचे. दोन्ही कसं चालेल?

अनंतमूळ

काडेकिराईत, 'प्रयोगशाळेत दिसतं ते ठेवा' या वाटेने गेलेलं एक झाड आहे, त्याचीच गोष्ट सांगतो. शेवटी तुम्हीच ठरवा.

आपली सर्पगंधा सगळ्यांना माहीत आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिचा रक्तदाबावरचा अभ्यास छापला आणि जग तिच्याकडे वळलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. ते रक्तदाबावर चाललं आणि मनोविकारांवरही.

सर्पगंधेची आफ्रिकी बहीण म्हणजे राउवोल्फिया व्होमिटोरिया. योरुबात 'अशोफेयेजे', पक्ष्यांसाठी फळणारं झाड. योरुबा वैद्य तिची मुळी वेड लागलेल्या, अंगावर धावून येणाऱ्या रोग्यांना देत. रेमंड प्रिन्स या कॅनेडियन मनोविकारतज्ज्ञाने त्यांच्यात राहून हे पाहिलं आणि १९६० साली अमेरिकी मनोविकार नियतकालिकात लेख लिहिला. म्हणजे मुंबईत वकील एका बहिणीवर काम करत होते, तिकडे अबेओकुटाचे वैद्य दुसरीवर, आणि एकमेकांना पत्ता नाही. पुढे आपली सर्पगंधा रानातून ओरबाडून संपत आली, तेव्हा कारखान्यांनी रेसर्पिनसाठी याच आफ्रिकी मुळीकडे मोर्चा वळवला.

आता तुमच्या कसोटीवर हे उतरलं. पण प्रिन्स यांनी पाहिलेला उपचार नुसत्या मुळीचा नव्हताच. रोगी वैद्याच्या घरी राहायचा, सोबत नातेवाईक, मुळीने झोप, मग विधी, आणि बरा होऊन निघताना नदीवर आंघोळ घालून जुने कपडे सोडून देणं. रेसर्पिनच्या गोळीत यातलं मूळ तेवढं आलं.

हे ओळखणारा माणूस त्याच गावात होता. थॉमस अदेओये लांबो, योरुबा, इंग्लंडमध्ये शिकलेले मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी १९५४ पासून अबेओकुटाच्या आरो रुग्णालयात रोग्यांना आसपासच्या गावांत नातेवाईकांसकट राहायला ठेवलं, दिवसा उपचार, संध्याकाळी गावात. आणि पारंपरिक वैद्यांना सोबत घेतलं. हेच लांबो पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे उपमहासंचालक झाले. ते काही भोंदूगिरीचे समर्थक नव्हते.

काडेकिराईत

लांबोंबद्दल वाचलं होतं, प्रिन्स नव्हते माहीत. आरोचं मॉडेल मला मान्य आहे, ते मानसोपचार आहेत. रेसर्पिनने काही रुग्णांत नैराश्य येतं म्हणून ते मागे पडलं, हेही जोडून ठेवतो. मात्र माझा बाटलीचा मुद्दा तसाच उभा आहे.

लागोसवासी

बाटलीच्या मुद्द्याला माझंही अनुमोदन. पण शंकासुरांच्या विसंगतीकडे येतो, कारण खरा पेच तिथेच आहे.

पियर व्हर्जे नावाचा फ्रेंच छायाचित्रकार होता. जन्म पॅरिस १९०२, मृत्यू साल्वादोर १९९६. ब्राझीलमध्ये राहायला गेला, तिथल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचे देव पाहिले आणि ते आले कुठून हे शोधत इकडे आला. १९५३ साली बेनिनमधल्या केतूला बाबालावोची दीक्षा घेतली. नाव मिळालं फातुंबी, इफाने पुन्हा जन्माला घातलेला. दीक्षितांना जे सांगतात ते त्याला सांगितलं गेलं. त्याने वर्षानुवर्षं पानांचे दोन हजारांहून अधिक प्रयोग टिपले. मरणाच्या आदल्या वर्षी, १९९५ ला, त्यांतले ४४७ पुस्तकात छापले.

त्या ४४७ ची मांडणी बघण्यासारखी आहे. सहा भाग: रोगावरची औषधं, गर्भधारणा आणि बाळंतपण, देवांच्या पूजेची पानं, भरभराटीचे प्रयोग, अपाय करायचे प्रयोग, आणि त्यांपासून संरक्षण. सगळ्यांचा साचा एकच. अमुक पानं, कुटा किंवा जाळा किंवा काळ्या साबणात मिसळा, इफाची अमुक खूण काढा, अमुक शब्द म्हणा. तापाला तेच, धंद्याला तेच. डॉक्टर म्हणतात पहिले दोन ठेवा, बाकीचे गेले तरी चालतील. पण बाबालावोला विचारलंत तर त्याला ही वाटणीच कळणार नाही. त्याच्या लेखी ताप येणं आणि धंदा बसणं या दोन्हीत माणसाची शक्ती, त्याचं 'आशे', उणी पडलेली असते.

आणि शंकासुर, पाचवा भाग पाहिलात ना? अपायाचा. हे सगळं सगळ्यांना सांगायचं का, हा प्रश्न त्यांच्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या आहे. गुपित राखण्यामागे हे एक कारण आहे. पोटाचं कारण पण आहेच, ते नाकारत नाही. वैद्याने सगळं सांगितलं तर खाणार काय?

आता ते 'शब्द म्हणा'. त्याला 'ओफो' म्हणतात. व्हर्जेच्या लक्षात आलं की पानाच्या नावातला एखादा उच्चार आणि ओफोतलं क्रियापद यांची जोडी असते. 'तेते' हे पान घ्या. त्याच्या ओफोत येतं की तेते कधी फजीत होत नाही, आणि फजीत होणं यालाही 'ते' असाच उच्चार आहे, सूर तेवढा वेगळा. 'अबामोदा'च्या नावात मनात आणलेलं घडवून आणण्याचा अर्थ, म्हणून इच्छापूर्तीच्या प्रयोगात तेच पान. म्हणजे नाव हाच पाठांतराचा दोरा. कुठलं पान कशाला, हे लिहिता न येणाऱ्याच्याही लक्षात राहावं म्हणून ते नावात ओवून ठेवलंय. योरुबा सुरांची भाषा, तीन सूर. हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहातल्या, चिठ्ठीवर लॅटिन नाव पक्कं आणि योरुबा नाव सुरांच्या खुणांशिवाय लिहिलं, की हा दोरा तुटला.

बाहियाकर

धागा बघून बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं. मी साल्वादोरला असतो, ब्राझीलच्या बाहिया राज्यात. तुम्ही म्हणता त्याची दुसरी बाजू इथे रोज दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओयोचं साम्राज्य मोडलं, लढाया झाल्या आणि हजारो योरुबा गुलाम म्हणून बाहियात आणि क्यूबात उतरवले गेले. अंगावर काही नाही, पिशवीत बियाणं नाही. इथलं रान वेगळं. मग त्यांनी काय केलं? इरोको हा त्यांचा पवित्र वृक्ष, तो इथे नव्हता. त्यांनी एक उंबराच्या जातीचा प्रचंड वृक्ष, गामेलेरा, त्यालाच इरोको मानलं आणि बुंध्याला पांढरं कापड गुंडाळलं. क्यूबावाल्यांनी त्याच जागी सावरीच्या जातीचा सेबा धरला. कित्येक पानांचं असंच. झाड बदललं, जागा तीच.

टिकलं काय, तर गाणी आणि रीत. कांदोम्ब्लेमध्ये, म्हणजे त्या देवांच्या इथल्या धर्मात, पानं भल्या पहाटे तोडतात. रानाच्या तोंडाशी ओसाईनसाठी (तुमचा ओसान्यिन) तंबाखू, मध, सुटी नाणी ठेवायची, मगच आत पाय. नव्या दीक्षितासाठी पानं चोळून पाणी करतात तेव्हा प्रत्येक पानाचं गाणं म्हणतात, त्या विधीला सासान्या म्हणतात. पानांची विभागणीही आहे, उसळवणारी आणि निववणारी. आगीची, वाऱ्याची, पाण्याची, मातीची. एकात उसळवणारी जास्त झाली तर दुसऱ्याने तोलायची. क्यूबात याच पाण्याला ओमिएरो म्हणतात. लिडिया काब्रेरा यांनी हावानात १९५४ साली छापलेल्या जाडजूड ग्रंथाचा मोठा भाग नुसता या झाडांचा आहे.

गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना योरुबा बोलता येत नाही. शब्द झिजलेत, पोर्तुगीज जिभेने गोल झालेत. पण गाणं सुटत नाही. आणि लागोसात, तुमच्याच लेखावरून, पानं अस्सल आणि बाटली गाण्याशिवाय. तुमच्याकडे एक अर्धं राहिलंय, आमच्याकडे दुसरं.

लिहिण्यावरून इथेही वाद झाले. ओपो अफोंजा हे १९१० साली स्थापन झालेलं इथलं मोठं देवघर. त्याच्या प्रमुख माय स्टेला (१९२५-२०१८) पेशाने परिचारिका होत्या. त्यांनी २०१४ साली पानांच्या गाण्यांवर स्वतः पुस्तक काढलं. त्यांचं म्हणणं असं होतं की परकी माणसं अर्धवट लिहितातच, मग आपण आपल्या हिशेबाने लिहिलेलं बरं. सगळं मात्र त्यांनीही सांगितलं नाही.

लागोसवासी

बाहियाकर, "झाड बदललं, जागा तीच" यावर बराच वेळ अडकलो. इथले काही बाबालावो हल्ली ब्राझील-क्यूबाच्या लोकांना दीक्षा देतात आणि त्यांच्याकडून विसरलेली गाणी परत ऐकतात, असं ऐकून आहे.

चिंचपोकळीकर

मला एक व्यवहारी शंका. उद्या एखाद्या कंपनीने अशोफेयेजेचं पेटंट काढलं तर? हळदीसारखं?

अनंतमूळ

योग्य शंका. हळदीने जखम भरते यावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं आणि डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआरने लढून ते १९९७ साली रद्द करून घेतलं. पण जिंकलो कशावर? छापील पुराव्यावर. जुने ग्रंथ, लेख काढून दाखवले. त्यातूनच पुढे आपली पारंपरिक ज्ञानाची डिजिटल लायब्ररी उभी राहिली.

योरुबांचे ग्रंथ कुठे आहेत? बाबालावोंच्या डोक्यात. इफाचे २५६ ओदू, म्हणजे अध्याय म्हणा. प्रत्येकात असंख्य ओव्या, गोष्टी आणि त्यांत औषधं. ते तोंडपाठ करायला वर्षानुवर्षं जातात. युनेस्कोने २००५ साली इफाला मौखिक वारसा म्हणून गौरवलं आणि २००८ साली ते यादीत आलं. प्रा. वांदे अबिम्बोलांसारख्या विद्वानांनी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, छापल्या. इफे विद्यापीठाचे कुलगुरू आणि स्वतः इफाचे जाणकार, असा दुर्मीळ योग. तर शंकासुरांना उत्तर: लिहिलं नाही तर चोर नेतो. लिहिलं तरी चोर वाचतो. नागोया करार (२०१०) म्हणतो की जनुकीय संपत्ती आणि ज्ञान वापराल तर मूळ समाजाला वाटा द्या. वाटा कुणाला द्यायचा? इबादानच्या बाईला, नायजेरियाच्या सरकारला, की साल्वादोरच्या देवघराला?

शंकासुर

लाख बोललात. आता मी बाजू बदलत नाही, पण गप्प बसतो.

कोकणातला

वाचतोय केव्हापासून. कुणी ओशोग्बोची राई काढली नाही, म्हणून लिहितो.

ओशुन नदीच्या काठी ७५ हेक्टरचं देवीचं रान आहे. चारशेहून अधिक वनस्पती, त्यांतल्या दोनशेहून अधिक औषधी. दक्षिण नायजेरियातलं मूळ जंगल बाकी जवळपास सगळीकडून गेलं, इथे उरलं, कारण देवीच्या रानात शिकार करायची नाही, मासा धरायचा नाही, लाकूड तोडायचं नाही. तरी १९५० च्या सुमारास तेही मोडीत निघालं होतं. झुझान व्हेंगर ही ऑस्ट्रियाची चित्रकार तिथे आली, ओरिशांची दीक्षा घेतली, अदुन्नी हे नाव घेतलं, आणि गावातल्या गवंडी-सुतारांना हाताशी धरून रानात सिमेंट-मातीची अवाढव्य शिल्पं उभी केली. शिल्प उभं राहिलं की त्या जागी शेत करायला कुणी धजेना. १९६५ साली रानाचा भाग राष्ट्रीय स्मारक झाला, २००५ साली जागतिक वारसा. ती २००९ साली तिथेच वारली.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात आपल्या देवरायांवर लिहिलं तेव्हा त्यांनाही हेच दिसलं होतं: देवाच्या नावाने सोडलेला तुकडा, त्यात बाहेर न सापडणारी झाडं. आणि आमच्याकडे देवळाचा जीर्णोद्धार काढायचा आणि त्या खर्चासाठी राईतलीच झाडं विकायची, हा उद्योग मी डोळ्यांनी पाहिलाय. व्हेंगरबाईंनी शिल्पांनी रान राखलं, आम्ही टाइल्सच्या सभामंडपाने घालवलं.

ओशोग्बोलाही सगळं आलबेल नाही. वरच्या अंगाला बेकायदा सोन्याच्या खाणी निघाल्यात, नदी गढूळ तांबडी वाहते, ऑगस्टच्या उत्सवात भाविकांना पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं. रान राखलं, पण नदी रानाच्या बाहेरून येते.

रानवाटा

कोकणातला, उत्तम प्रतिसाद. बाजारात विकली जाणारी मुळं आणि साली यांचं हेच दुखणं. पानं तोडली तर झाड जगतं, सालीचं पूर्ण कडं काढलं की मेलं. एलेवे ओमो स्वतः रानात क्वचितच जातात, माल आणणारे वेगळे. पूर्वी तोडणारा आणि देणारा एकच असे, तेव्हा तोडण्याची रीत आपोआप पाळली जाई. ओरोग्बो, ज्याला इंग्रजीत बिटर कोला म्हणतात, ते झाड आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत धोक्यात असलेल्यांत आहे. बी खातात, साल नेतात, मुळाची दातवणं करतात. उरतं काय?

संपादक मंडळ

अंधश्रद्धा निर्मूलन कायद्यावरचे चार प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. या धाग्याचा काश्मीर करू नये ही विनंती.

काडेकिराईत

हलवलेल्यांत माझा एक होता, हरकत नाही.

लागोसवासी, एक सुचवतो. तुम्ही बाजारात जाताच, तर त्या बाईकडून 'हे कुणाला देत नाहीस' एवढंच विचारून घ्या. पोटुशी, लहान मूल, म्हातारा, दारू पिणारा. कशाने बरं होतं हे सगळे लिहितात. कशाने बिघडतं हे कुणी टिपत नाही, आणि माझ्या कामाचं तेच जास्त आहे. तिला चालत असेल तरच, आणि तिचे पैसे देऊन.

लागोसवासी

डॉक्टर, हे पटलं. आणि गुपिताचा प्रश्नही यात येत नाही, कारण 'देऊ नये' हे ती आपणहून सांगते. ऑगस्टमध्ये जाईन. २० ऑगस्टला इशेशे दिन असतो, जुन्या धर्माचा सण. ओयो, ओशुन, ओगुन, लागोस या राज्यांत आता त्याची सुट्टी मिळते. आमचे पेंटेकोस्टल साहेबही त्या दिवशी आनंदाने घरी झोपतात. बाजार मात्र त्या दिवशी नीट लागत नाही, तेव्हा आधी किंवा नंतर.

कोकणातला

अवांतर: ओरोग्बो म्हणजे गार्सिनिया ना? मग ती आमच्या कोकमाची सख्खी चुलत बहीण. येताना चार बिया आणा, परसात लावून बघतो.

रानवाटा

कुळ तेच, पण बिया अशा आणू नका. परवाना आणि तिकडच्या कृषी खात्याचा दाखला लागतो, नाहीतर विमानतळावर जप्त. शिवाय ओरोग्बोचं बी रुजायला महिनोन्‌महिने घेतं, तोवर कुंडीत काय पेरलं होतं हे विसराल.

लागोसवासी

आणि चवीला कोकमाच्या आशेने चावू नका. आधी जीभ कडवट होते, मग हळूहळू किंचित गोडवा येतो, इथले बसड्रायव्हर झोप येऊ नये म्हणून दिवसभर चघळतात. विजेच्या देवाला, शांगोला, हेच वाहतात. बाकी बहुतेक देवांना ओबी म्हणजे कोला नट चालतो, शांगोला ओबी चालत नाही. का, ते मी एका बाबालावोला विचारलं. तो म्हणाला, आधी बस, ओबी खा, मग सांगतो. ओबी खाल्ली, तासभर गप्पा झाल्या, त्याने शेजारच्यांची भाऊबंदकी सांगितली, माझ्या मुलीच्या लग्नाची चौकशी केली. कारण काही सांगितलं नाही. पुढच्या वेळी ये म्हणालाय.